रिफिलचा दर कुठे चुकतो?

प्रश्न : चिपळूणला भाड्याच्या गाळ्यात मी दीड वर्षापासून पापण्यांच्या एक्स्टेन्शनचे, म्हणजे कृत्रिम पापण्या चिकटवण्याचे काम करते. क्लासिक सेटचे १,२०० आणि रिफिलचे, म्हणजे गळलेल्या पापण्यांच्या जागी नव्या भरण्याचे ४०० रुपये घेते. महिन्याला साधारण १०० तास काम असते. भाडे, वीज, फोन वगैरे ठरलेला खर्च १४,००० रुपये आहे. दिवसभर मान मोडून काम करूनही हातात फारसे उरत नाही. जवळच्या पार्लरमध्ये हेच काम ९९९ रुपयांत होते असे ग्राहक सांगतात, म्हणून दर वाढवायची भीती वाटते. पाच आठवड्यांनी येऊन रिफिलच्याच पैशांत पूर्ण सेट मागणाऱ्यांना काय सांगावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही खर्चाचे आकडे दिलेत, हे फार बरे केलेत. त्यामुळे अंदाजाने न बोलता हिशेबच मांडता येतो.

क्लासिक सेटमध्ये एकेक नैसर्गिक पापणी चिमट्याने सुटी करून, कातडीपासून थोडे अंतर राखून तिच्यावर एकच कृत्रिम पापणी चिकटवावी लागते. प्रत्यक्ष कामाला अडीच तास लागतात असे धरले, तरी चिमटे निर्जंतुक करणे, बेड आवरणे आणि फोनवरची बोलणी मिळून तीन तास जातात. पापण्या, ग्लू, जेल पॅच, टेप आणि ब्रश यांचे २५० रुपये वजा केले, तर १,२०० मधले ९५० उरतात, म्हणजे तासाला साधारण ३१७ रुपये. रिफिलला आवराआवरीसह दीड तास आणि १५० रुपयांचे साहित्य लागते असे धरा. उरलेल्या २५० रुपयांचे तासाला १६७ होतात. ठरलेला खर्च १०० तासांवर वाटला की तासाला १४० रुपये पडतात, ते दोन्हींतून काढून पाहा. सेटच्या तासाला तुमच्या हातात १७७ रुपये राहतात आणि रिफिलच्या तासाला जेमतेम २७. गळती इथे आहे. रिफिल ही ग्राहकाला दिलेली सवलत आहे, असे समजून तुम्ही तिचा दर लावला आहे. प्रत्यक्षात नेहमीचे ग्राहक दर दोन-तीन आठवड्यांनी त्यासाठीच येतात, म्हणजे तुमचा बराचसा वेळ त्यातच जातो.

म्हणून दर तासावरून ठरवा. महिन्याला स्वतःसाठी ३०,००० रुपये हवेत असे समजू. त्यात १४,००० मिळवून १०० ने भागले, की तासाचे ४४० रुपये येतात. त्या हिशेबाने क्लासिक सेटचे १,३२० अधिक साहित्याचे २५० मिळून १,५७० होतात आणि रिफिलचे ६६० अधिक १५० मिळून ८१०. व्हॉल्यूम सेटला (एका पापणीवर अनेक बारीक कृत्रिम पापण्या) चार तास लागत असतील, तर साहित्यासह दोन हजारांच्या खाली तो करूच नये. माझे साहित्याचे आकडे तुमच्या बिलांशी ताडून बदलून घ्या. रीत मात्र हीच ठेवा.

ग्लूचा हिशेब थेंबावर करू नका. बाटली एकदा उघडली, की महिना-दोन महिन्यांत तिची पकड कमी होते आणि उरलेला ग्लू टाकावाच लागतो. १,५०० रुपयांची बाटली संपेपर्यंत वीस ग्राहक झाले तर प्रत्येकी ७५ रुपये पडतात, पाचच झाले तर ३००. त्यातून तुमचा कोकणातला पावसाळा. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे आषाढ-श्रावणात तो पापणीवर टेकवण्याआधीच आवळू लागतो आणि खोली कोरडी ठेवण्यासाठी एसी चालू ठेवावा लागतो. ते वीजबिल वर्षाच्या सरासरीत धरलेले असू द्या, नाहीतर नेमके गणपतीच्या गर्दीत तुम्ही पदरमोड करत बसाल.

आता ९९९ रुपयांबद्दल. तिथे नेमके काय करतात, हे आधी विचारून घ्या. अनेकदा तयार झुपके तासाभरात चिकटवलेले असतात. ते काम वेगळे आहे आणि त्याचा दरही वेगळाच असणार. एकमेकींना चिकटलेल्या पापण्या वाढताना मुळाशी ओढ बसते, हे ग्राहकाला आरशात दाखवून शांतपणे समजावता येते. त्या पार्लरविषयी वाईट बोलण्याची गरज नाही. दर वाढवताना जुन्या ग्राहकांना महिनाभर आधी सांगा आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होण्याआधीच नवा दर लावा. भर हंगामात वाढवलेला दर लोकांना अडवणूक वाटतो. नात्यातल्या मुलींना सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण वहीत मूळ दर लिहून सवलत वेगळी नोंदवा. ती महिन्याला किती होते हे एकदा डोळ्यांनी पाहिलेत, की हात आपोआप आखडता होईल.

पाच आठवड्यांनी येणाऱ्यांचा प्रश्न नियम लिहून लावल्यानेच सुटेल. नैसर्गिक पापणी साधारण सहा ते दहा आठवड्यांत गळून नवी येते आणि तिच्यासोबत एक्स्टेन्शनही जाते. म्हणून तीन आठवड्यांच्या आत आणि निम्म्याहून अधिक पापण्या शिल्लक असतील तरच रिफिल, एरवी नव्या सेटचा दर, असे भेटीची वेळ देतानाच सांगा. आधीच्या सेटचे अवशेष काढावे लागले, तर त्या वेळेचेही वेगळे पैसे घ्या. मात्र पॅच टेस्टचे, म्हणजे ग्लू सोसतो का हे आधी थोडासा लावून पाहण्याचे पैसे घेऊ नका. ती २४ ते ४८ तास आधी करायची असते आणि पैसे लागतात म्हटले की ग्राहक ती टाळतात. तिची दहा मिनिटे सेटच्या तीन तासांतच धरा. कोणाचे डोळे लाल झाले किंवा पापण्या सुजल्या, तर त्या दिवशी काम आणि पैसे दोन्ही नाकारून तिला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा.