अमेरिकेचे टॅरिफ, मॉरिशसचे वाणसामान

प्रश्न : अक्कलकोट रोडवर आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा आमच्या ऑर्डरी का अडल्या हे समजले. माझी नणंद मॉरिशसमध्ये राहते. तिथली महागाईही टॅरिफमुळेच वाढली, असे तिचे शेजारीपाजारी म्हणतात. अमेरिकेने लावलेल्या शुल्कामुळे मॉरिशसच्या दुकानातील डाळ-तांदूळ कसे महागतील? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : अमेरिकेने मॉरिशसच्या मालावरही शुल्क लावले; ते अमेरिकेच्या बंदरावर तिथला आयातदार भरतो. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या दुकानातील तांदळावर त्यातला एक पैसाही थेट चढत नाही, तेव्हा आपली शंका रास्त आहे. परिणाम होतो तो परकीय चलनाच्या वाटेने.

मॉरिशसची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख आहे. तांदूळ, डाळी, दूध पावडर, इंधन, एवढेच नव्हे तर तिथल्या कपड्याच्या कारखान्यांना लागणारा कापूसही बाहेरून येतो. कोंबडी बेटावरच वाढते, परंतु तिचे खाद्य जहाजाने येते. या सर्वांचे पैसे परकीय चलनात चुकवावे लागतात आणि ते मिळवून देणारे व्यवसाय मोजके आहेत : पर्यटन, वित्तीय सेवा, साखर, मासे आणि तयार कपडे. शुल्कामुळे अमेरिकेकडून येणाऱ्या कपड्यांच्या ऑर्डरी घटल्या की डॉलरची आवक घटते, मॉरिशसच्या रुपयावर दाब येतो आणि दुकानदार पुढचा माल चढ्या दराने भरतो. समजा, तांदळाचे पोते २० डॉलरला पडते. डॉलर ४५ रुपयांवरून ४८ वर गेला, तर मूळ भाव तसूभरही न बदलता तेच पोते ९०० ऐवजी ९६० रुपयांना येते. त्याच वेळी कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला, तर घरातली मिळकत घटते आणि खर्च वाढतो.

तरीही सगळी भाववाढ टॅरिफच्या माथी मारू नये. आयात केलेल्या बहुतेक वस्तू साधारण एकाच सुमारास महागल्या असतील, तर विनिमय दर किंवा जहाजभाडे पाहावे. एखादीच वस्तू महागली असेल, तर कारण बहुधा ती पिकते त्या देशात सापडेल. नणंदबाईंना आपली जुनी बिले या दृष्टीने तपासता येतील.

मला खटकते ती शुल्क ठरवण्याची रीत. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने मॉरिशसवर ४० टक्के शुल्क जाहीर केले. हिशेब असा होता की, अमेरिका त्या देशाकडून १०० डॉलरचा माल घेत असेल आणि त्याला २० डॉलरचाच विकत असेल, तर तूट ८० टक्के. तिचे निम्मे म्हणजे ४०. साडेबारा लाख लोकांनी अमेरिकेचा असा किती माल घ्यावा, हा विचार या सूत्रात कुठेच नाही. मॉरिशसच्या काही कंपन्यांचे कारखाने मादागास्करमध्ये आहेत; त्या देशावर तर ४७ टक्के जाहीर झाले होते. ऑगस्टमध्ये दोन्ही दर १५ टक्क्यांवर आले खरे, पण मॉरिशससह आफ्रिकी देशांना अमेरिकेकडून २००० सालापासून मिळणाऱ्या शुल्कमाफीची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. पुढच्या हंगामाचा दर कोणता धरावा हेच कळत नसेल, तर ऑर्डर घ्यायची कशी, हे टॉवेलवाल्यांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मग मॉरिशसने अमेरिकी मालावर उलट शुल्क का लावू नये? (एक कापड व्यापारी, चाटी गल्ली, सोलापूर)

उत्तर : कारण ते शुल्क मॉरिशसच्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून जाईल. एवढ्या लहान बाजारासाठी अमेरिकी कंपनी भाव उतरवणार नाही. शिवाय हा देश गेली दोन दशके आपले आयात शुल्क कमी करत आला असून, बहुतेक वस्तूंवर ते आता शून्य आहे. भिंती पुन्हा उभारल्या, तर पर्यटकांच्या हॉटेलांपासून शिवणयंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत सगळेच महागेल. त्यापेक्षा गिऱ्हाईक वाढवणे बरे. चीनशी १ जानेवारी २०२१ पासून आणि भारताशी १ एप्रिल २०२१ पासून मॉरिशसचे व्यापार करार लागू आहेत. युरोप आणि दक्षिण आफ्रिका तर जुनी गिऱ्हाइके आहेत. अडचण एवढीच की अमेरिकेसाठी बेतलेले कपडे दुसरीकडे जसेच्या तसे खपत नाहीत; मापे, कापड, नमुने नव्याने मान्य करून घ्यावे लागतात, आणि तोवर कामगारांचा पगार कर्ज काढून भागवावा लागतो.