चावी ‘ऑन’ आहे, पण करंट पुढे पोचतोय का?

प्रश्न : वडिलांची १९८६ सालची राजदूत ३५० मी दोन वर्षांपूर्वी पुन्हा रस्त्यावर आणली. थंड असताना दोन-तीन किकमध्ये लागते. पण बाजारात, हेडलाइट लावून हळू चालवताना मिस मारते आणि बंद पडते; मग दहा-दहा किक. हायवेवर मात्र मस्त पळते. शिवाय बॅटरीचं पाणी पंधरा दिवसांत उतरतं. प्लग, कॉइल, कंडेन्सर, बॅटरी सगळं नवं घातलं. चावीचा लॉक मेकॅनिकने मीटरचा बीप वाजवून तपासला, चांगला आहे म्हणाला. काका, आता काय बदलू?
– एक वाचक, कराड

उत्तर : आता काहीच विकत आणू नका. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतंय, आणि ते त्या ‘चांगल्या’ लॉकमध्येच असावं.

बीप वाजला म्हणजे वाट आहे एवढंच कळतं. ती किती अरुंद झाली आहे ते कळत नाही. लॉकच्या आतल्या काळ्या पडलेल्या पट्टीचा रोध (करंटला होणारा अडथळा) ०.२ ओहम असला तरी मीटर खुशाल बीप देतो. पण तुमच्या गाडीत चावीतून स्पार्क देणाऱ्या दोन्ही कॉइल, चार्जिंग करणाऱ्या आल्टरनेटरची फील्ड (त्यातलं चुंबक बनवणारी गुंडाळी) आणि दिवे असा आठ-दहा अँपिअरचा भार जातो. आठ अँपिअरला ०.२ ओहम म्हणजे १.६ व्होल्ट वाटेतच गेले. लांबच्या विहिरीवर बारीक केबलने मोटार चालवणाऱ्याला हे सांगायला नको. कॉइलमधली ऊर्जा करंटच्या वर्गाच्या हिशेबाने घटते, म्हणून १२.४ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळाले तर स्पार्कची ऊर्जा जेमतेम पाऊण उरते.

आता बॅटरीचं पाणी. या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंग कमी-जास्त करणारा भाग, बॅटरीवर नव्हे, चावीनंतरच्या तपकिरी वायरवर व्होल्टेज बघतो. तिथे दीड व्होल्ट कमी दिसले की त्याला वाटतं बॅटरी उपाशी आहे, आणि तो चार्जिंग वाढवतो. हायवेवर बॅटरीला सोळाच्या आसपास व्होल्ट जातात आणि पाणी उकळतं. कॉइलला मात्र तेव्हा पुरेसं मिळतं, म्हणून तिथे गाडी छान पळते. बाजारात आरपीएम उतरले की आल्टरनेटर कमी पडतो आणि सगळी तूट स्पार्कवर येते.

मोजायचं ते भार चालू ठेवून. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी कॉइलकडे येणाऱ्या वायरच्या थिंबलला (टोकाच्या धातूच्या टोपीला). चावी ऑन, हेडलाइट ऑन, आणि किक हाताने हळू दाबून दोन्ही सी.बी. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) मिटतील असं क्रँक थांबवा. आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो, त्यापुढे नाही. चावी मिनिटभराहून जास्त ऑन ठेवू नका, कॉइल तापते. मग हाच भार ठेवून एकेक टप्पा मोजा : फ्यूजच्या दोन क्लिपांमध्ये, हेडलाइटच्या डोममधल्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या सॉकेटवर) लाल ते तपकिरी, आणि बॅटरीच्या मायनसपासून पॉइंटच्या प्लेटपर्यंत. अर्थिंगकडे बरेच जण बघतच नाहीत.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका गाडीत १.७ व्होल्ट जात होते : लॉकमध्ये ०.९, फ्यूज क्लिपवर ०.५, कपलरमध्ये ०.३. कपलरचं पांढरं प्लॅस्टिक लाल वायरपाशी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि पिन बोटाला गरम लागत होती. तुमचंही आधी नीट बघा. रंग बदललेली पिन म्हणजे आजाराची जागा.

लॉक उघडायचा तर बॅटरी सोडवून, पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा. आतली स्प्रिंग आणि छोटी गोळी उडाली तर मिळत नाही. जुनं ग्रीस डांबरासारखं झालेलं असतं. ते कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा, तांब्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने फक्त चमकवा. खरखरीत एमरी नको, तिच्या ओरखड्यांत पुन्हा काजळी धरते. वरून इलेक्ट्रिकल ग्रीसचा पातळ हात. सैल क्लिपा आवळा, जळक्या पिना नव्या घाला. वर सांगितलेल्या गाडीत एवढ्यानेच १.७ चे ०.४ झाले.

पट्ट्या खड्डे पडून झिजल्या असतील तर बारा व्होल्टचा साधा चार पिनांचा हॉर्न रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा भार जोडणारा स्विच, लावा. पिनांचे नंबर त्यावरच लिहिलेले असतात. चावीतून येणारी तपकिरी वायर ८६ ला, अर्थिंग ८५ ला, बॅटरीच्या प्लसवरून १५ अँपिअरचा फ्यूज घालून जाड वायर ३० ला, आणि ८७ वरून पुढचा भार. चावीतून मग अँपिअरचा पाचवा हिस्सासुद्धा जात नाही. इथे बहुतेक जण एक चूक करतात : ८७ वरून फक्त कॉइल जोडतात. रेग्युलेटरची तपकिरी वायरही ८७ वरच आली पाहिजे, नाहीतर स्पार्क सुधारेल पण बॅटरी उकळतच राहील.

पण रिले हा दुसरा उपाय. आधी घाण काढा, कारण खराब कपलर तसाच ठेवून रिले लावला तर तो कपलर पुढे रिलेचाच घात करेल. आणि बाजारातला स्वस्त डुप्लिकेट लॉक घेऊन वडिलांच्या हातची चावी टाकून देऊ नका. ते मूळ लॉक साफ केल्यावर बरीच वर्षं चालतात.

काम झाल्यावर हेडलाइट बंद ठेवून तीन हजार आरपीएमला थेट बॅटरीवर मीटर धरा. साडेचौदाच्या आसपास आलं तर रेग्युलेटरला हात लावायची गरज नाही. पंधराच्या वर राहिलं तर आकडे लिहून मला पुन्हा पत्र टाका.