मागाचा आवाज फोमनं थांबत नाही

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅदरिंगला निवेदन करते, आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. तिला व्हॉइसओव्हरमध्ये करिअर करायचंय, घरातच स्टुडिओ करून द्या म्हणून मागं लागलीय. आम्ही इचलकरंजीत राहतो, घरामागच्या शेडमध्ये आमचे आठ माग आहेत. वरच्या मजल्यावरची दहा बाय दहाची खोली तिला द्यायचा विचार आहे. एका स्टुडिओ करून देणाऱ्यानं चारी भिंती आणि छताला फोम, शिवाय माइक वगैरे धरून १ लाख ८५ हजारांचं कोटेशन दिलंय, खोली साउंडप्रूफ होईल म्हणतो. १० हजार टोकन देऊन बसलोय. पुढचे पैसे घालू का? आणि यात खरंच पोट भरतं का?

उत्तर : दादा, नमस्कार. पुढचे पैसे आत्ता घालू नका, हे आधी सांगून टाकते, मग निवांत बोलू.

मुलीच्या आवाजाबद्दल मी काही बोलणार नाही, तो मी ऐकलेला नाही. पण कोटेशनमध्ये जो 'साउंडप्रूफ' शब्द आहे ना, तिथंच सगळी गडबड आहे. खोलीत आवाजाचे दोन त्रास असतात आणि दोन्हीचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. एक म्हणजे बाहेरचा आवाज आत येतो, आणि दुसरा म्हणजे आपलाच आवाज भिंतींवर, फरशीवर, स्लॅबवर आपटून परत माइकमध्ये शिरतो, त्यानं बोलणं रिकाम्या हॉलमधून आल्यासारखं वाटतं. फोम फक्त दुसऱ्यावर चालतो, तोही अर्धवट. पहिल्याला लागतं वजन आणि हवाबंदपणा, आणि फोम हातात घेऊन बघा, त्याला वजन असं नसतंच. म्हणजे तुमच्या घरातली खरी अडचण आहे माग, आणि कोटेशनमध्ये मागाचं औषधच नाही.

आकड्यात सांगते, तुम्ही हिशोबाची माणसं. माग चालू असताना शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असतो (जाता जाता, कानात प्लग घालत जा हो, पन्नाशीनंतर कळतं काय गेलं ते). नऊ इंची विटेची प्लास्टर केलेली भिंत साधारण ४५ ते ५० डेसिबल अडवते. म्हणजे अगदी छान अडवलं तरी खोलीत चाळीस-पंचेचाळीस येणारच. आणि हे कधी, तर भिंतीला खिडकी नसेल, दाराखाली फट नसेल तर. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी उघडं राहिलं तरी ती अख्खी भिंत जेमतेम २० डेसिबल अडवते, मग ती विटेची असो नाहीतर दगडाची. आपल्या स्लायडिंग खिडक्या आठवा, बंद केल्या तरी वारा येतोच.

आता किती शांतता लागते ते बघू. अमेरिकेत ऑडिओबुकसाठी एसीएक्स नावाचा प्लॅटफॉर्म आहे, भारतात राहणाऱ्यांना तिथं निवेदक म्हणून काम घेता येत नाही, पण त्यांचे नियम मोजपट्टी म्हणून झकास आहेत. रेकॉर्डिंगच्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे सगळ्यात मोठी पातळी, बाकी सगळं त्याच्याखाली, म्हणून आकडे उणे असतात. बोलण्याची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये, सगळ्यात मोठा आवाज उणे ३ च्या वर नको, आणि कोणी बोलत नसताना उणे ६० च्या खाली. म्हणजे बोलणं आणि शांतता यात चाळीसेक डेसिबलचं अंतर. माणूस माइकपासून वीतभर अंतरावर साधं बोलला तर सत्तरच्या आसपास धरा, मग खोली तीसपर्यंत शांत पाहिजे. आणि तुमच्याकडं माग चालू असताना पंचेचाळीस. बसत नाही गणित. त्यात मागाची थरथर जमिनीतून, कॉलममधून, स्लॅबमधून वर चढते ती वेगळीच, पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवून बघा, पाणी हलताना दिसलं तर माइकच्या स्टँडलाही तेच होणार. याच्यावर इलाज आहे, खोलीच्या आत रबरावर तरंगती दुसरी खोली, दुहेरी जिप्समच्या भिंती, दोन दारं, पण तो खर्च शिकाऊ मुलीसाठी करायचा नसतो आणि १ लाख ८५ हजारात तर होतच नाही.

मग करायचं काय, तर वेळ आणि जागा बदलायची. माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी, किंवा एखादी पाळी बंद असेल तेव्हा, किंवा कुणा नातेवाइकाचं गावाबाहेर घर असेल तर तिथं. सगळं सामान एका बॅगेत मावेल असं घ्यायचं, ही अट आत्ताच घाला, पुढं फार उपयोगी पडते.

पण सामान घ्यायच्या आधी मोजा. मुलीला सांगा, ऑडासिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते लॅपटॉपवर टाकायचं, कुणाकडून तरी माइक आणून दोन मिनिटं नेहमीच्या आवाजात वाचायचं आणि मग तसंच बसून अर्धा मिनिट काहीच बोलायचं नाही. वाचलेल्या भागाची पातळी वर सांगितलेल्या उणे २३ ते उणे १८ मध्ये आणली की शांत भाग उणे ६० च्या खाली येतो का ते बघायचं. असं माग चालू असताना, बंद असताना, रात्री अकराला, पहाटे पाचला. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद. मोबाइलवर मोजू नका, मोबाइल स्वतःच आवाज साफ करून देतो आणि आपल्याला वाटतं खोली शांत आहे. एक बारीकशी 'हम्म' सतत येत असेल तर ती बहुतेक वायरिंगची, आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, तीच गुणगुणते. अर्थिंग नीट आहे का ते वायरमनला दाखवा, हे काम माइक घेण्याआधीचं.

शांत वेळ सापडली की मग घुमणाऱ्या आवाजाचं बघायचं आणि इथं तुम्ही नशीबवान आहात, कारण या कामाला लागतं कापड आणि कापूस, आणि ते तुमच्या दारात पडलेलं आहे. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवायचा उद्योग मात्र करू नका, काही होत नाही त्यानं. पातळ फोम फक्त आवाजाचा वरचा, 'स-श-च' वाला भाग खातो आणि खालचा तसाच राहतो, त्यामुळं फोमनं भरलेल्या लहान खोलीत आवाज डब्यात बसून बोलल्यासारखा येतो, कोंदट. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, ती नीट शोषायची तर मालाची जाडी साधारण तिच्या पाव भागाइतकी लागते, म्हणजे पावणेतीन फूट. दोन इंची फोम तिच्यापुढं काय करणार? शिवाय साधा पॅकिंगचा फोम पेट घेतो आणि धूर विषारी असतो, बंद खोलीत पोरीला बसवायचंय हे विसरू नका.

त्यापेक्षा रॉकवूलच्या, म्हणजे दगडाच्या तंतूंपासून केलेल्या लोकरीच्या, स्लॅब मिळतात, दोन फूट बाय चार फूट, दोन इंच जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेच्या चालतात. दोन एकावर एक ठेवून सुताराकडून साध्या लाकडी चौकटी करून घ्या आणि वर तुमचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड ताणून बसवा. कापड घट्ट विणीचं नको, तोंडाशी धरून फुंकर मारली की आरपार गेली पाहिजे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क घाला, खाज सुटते. अशा चार चौकटी भिंतीला चिकटवायच्या नाहीत, दोन-तीन इंच पुढं उभ्या करायच्या, मागच्या हवेमुळं त्या जास्त काम करतात, आणि उभ्या असल्या की उचलून दुसऱ्या घरीही नेता येतात. कोपऱ्यात कापडाच्या चिंध्या सैलसर भरलेली पोती रचा, दाबून भरू नका. उंदरांचं तेवढं बघा, आणि त्या खोलीत उदबत्ती, मेणबत्ती, हीटर काही नको.

सगळ्यात महत्त्वाचं, चौकटी कुठं ठेवायच्या. लोक माइकच्या मागं ठेवतात, बाजारात तशा फोमच्या अर्धगोल ढालीही विकतात. पण व्हॉइसओव्हरचा माइक बहुतेक समोरचंच ऐकतो, पाठीमागचं कमी, आणि त्याच्या समोर कोण, तर मुलगी, आणि मुलीच्या पाठीमागची भिंत. म्हणून सर्वात जाड माल तिच्या पाठीशी, मग दोन्ही बाजूंना, मग डोक्यावर. डोक्यावर आडव्या पाइपवर आजीच्या दोन वाकळी टाकल्या तरी चालतं, जुन्या लुगड्यांची जाड गोधडी या कामाला फार छान. खाली सतरंजी. टेबलावर नुसता सनमायका नको, त्यावरून आवाज उसळून थेट माइकमध्ये येतो, टॉवेल अंथरा. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून गोधड्यांत बसणं म्हणजे शिक्षा आहे, वीस मिनिटं वाचायचं, दहा मिनिटं पंखा, असंच चालतं, त्याला पर्याय नाही.

माइकचं थोडक्यात. कंडेन्सर माइक नाजूक, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरीतून वीज, देणारा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) लागतो आणि तो गल्लीतलं कुत्रंसुद्धा ऐकतो. तुमच्या जागेत आधी डायनॅमिक माइक बरा, शुअरचा एसएम५८ वर्षानुवर्षं स्टेजवर दिसतो तसला, जवळून बोलायचं. साधा इंटरफेस, पॉप फिल्टर (प-फ-भ चा फुंकर अडवणारी माइकपुढची जाळी), हेडफोन. चौकटी धरून एकूण तीस-पस्तीस हजारांच्या पुढं आत्ता जायचं कारण मला तरी दिसत नाही. शोरूममधला माणूस वेगळं सांगेल, त्याचा तो धंदा आहे.

आता पोट भरतं का. भरतं, पण लगेच नाही, आणि नुसत्या आवाजावर तर नाहीच. जाहिराती आणि डबिंग अजूनही जास्त करून मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत जाऊनच होतं. घरून होण्यासारखं म्हणजे ऑडिओबुक, ऑडिओ मालिका, ई-लर्निंग, कंपन्यांचे ट्रेनिंग व्हिडिओ. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठी पुस्तकं ऐकणारा वर्ग तयार झालाय, कुकू एफएमसारखे नंतर आले. पण एक तासाचं तयार ऑडिओ करायला नवख्या माणसाचे चार-पाच तास सहज जातात, वाचन, चुका, कापाकापी, परत ऐकणं. गॅदरिंगच्या निवेदनात टाळ्या असतात, इथं बंद खोलीत एकटीनं बसून तीच ओळ सहा वेळा वाचायची असते. हे तिला आवडतं का, हे तुम्हालाच काय, तिलाही अजून माहीत नाही. म्हणून स्वस्तातली खोली, सहा महिने, रोज तासभर वाचन, आणि बी.कॉम. पूर्ण. त्यानंतर मोठ्या खर्चाचं बोलू.

एआयचा मुद्दा टाळून चालणार नाही. कॉल सेंटरचे साचेबंद निरोप, माहिती वाचून दाखवणारे व्हिडिओ, हे काम मशीनच्या आवाजाकडं जायला लागलंय आणि ते परत येईल असं मला वाटत नाही. टिकेल ते गोष्ट सांगणं, अभिनय, बोली. तुमच्याकडची भाषा तिनं पुसून टाकू नये, प्रमाण मराठी शिकावी, न-ण आणि श-ष स्वच्छ करावेत, पण कोल्हापुरी ठसका मागणारेही लोक असतात आणि तो पुण्यात बसून आणता येत नाही. एक लक्षात ठेवा, मागाशेजारी वाढलेली मुलं जरा मोठ्यानंच बोलतात, सवय असते. माइकला ते नको असतं, समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलावं तेवढाच आवाज. हे बदलायला वेळ लागतो, त्यासाठी एखादा चांगला शिकवणारा गाठला तर ते पैसे फोमपेक्षा कारणी लागतील. आकाशवाणीची सांगली आणि कोल्हापूर केंद्रं तुमच्या जवळ आहेत, नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात निघते, लेखी आणि आवाजाची चाचणी असते, तिथं अर्ज करत राहायचा. निवड झाली नाही तरी तयारी होते.

काम देतो म्हणून आधी रजिस्ट्रेशन फी किंवा 'ऑडिशन चार्ज' मागणारा कुणीही असो, फोन ठेवून द्यायचा. करारात आवाज एआयच्या ट्रेनिंगला किंवा तिच्या आवाजाची नक्कल करायला वापरणार का, ते वाचल्याशिवाय सही नाही. टीडीएस कापला तर रिटर्न भरून परत मागता येतो, बी.कॉम.ची मुलगी आहे, हे तिचं तिलाच करू द्या. जीएसटीची चिंता आत्ता नको, सेवेला वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे.

राहिला टोकनचा प्रश्न. दहा हजार रोख परत मागितले तर तो टाळाटाळ करेल, भांडण होईल. त्यापेक्षा त्याला म्हणा, फोमचं काम रद्द, त्या पैशात रॉकवूलच्या आठ स्लॅब आणि खिडकी-दाराला लावायची रबरी पट्टी आणून दे, बिलासकट. हा माल मिळवणं त्याला तुमच्यापेक्षा सोपं आहे आणि त्याचंही नुकसान नाही, बहुतेक तयार होईल.