इंग्लंडमधील गायींचा क्षयरोग: भरपाई जनावराची मिळते, अडकलेल्या धंद्याची मिळत नाही

इंग्लंडमध्ये गायींच्या क्षयरोगाबाबत सरकार कडक धोरण राबवते, त्याचा तेथील शेतकऱ्यांवर काय परिणाम होतो आणि तसे धोरण महाराष्ट्रात आणता येईल का, असा आपला प्रश्न आहे. मी पशुवैद्यक आहे आणि नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये, जेथे या रोगाचा प्रादुर्भाव सर्वाधिक आहे, गोठ्यांवर जाऊन हीच तपासणी करते.

गायीच्या मानेवर दोन ठिकाणी केस कापून कातडीची जाडी मोजायची, वरच्या जागी पक्ष्यांच्या आणि खालच्या जागी गोवंशाच्या क्षयजंतूंपासून तयार केलेले ट्युबरक्युलिन टोचायचे आणि ७२ तासांनी पुन्हा मोजायचे, अशी ही पद्धत आहे. खालची गाठ वरच्यापेक्षा ४ मिलिमीटरहून अधिक वाढली असेल तर जनावर बाधित ठरते. या दुसऱ्या मोजणीला शेतकरी शेजारी उभा राहून कॅलिपरवरचा आकडा माझ्याआधी वाचायला पाहतो. बाधित जनावराची कत्तल सक्तीची असते आणि उरलेल्या कळपावर निर्बंध येतात. साधारणपणे किमान ६० दिवसांच्या अंतराने सलग दोन तपासण्या निर्दोष आल्याखेरीज जिवंत जनावरे मोकळेपणाने विकता येत नाहीत.

खरा जाच येथून सुरू होतो. भरपाई मिळते, पण ती वय, लिंग आणि प्रकार यांनुसार बाजारातील सरासरी भावाच्या कोष्टकावरून ठरते. त्यामुळे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून उत्तम गायी तयार केल्या, त्याच्या पदरी त्यांच्या मोलापेक्षा कमी रक्कम पडते. घटलेले दूध, विकता न आल्यामुळे पोसावी लागणारी वासरे आणि तपासणीसाठी पुन्हा पुन्हा अख्खा कळप अडवण्याची मजुरी यांची भरपाई नसते. काही गोठे वर्षानुवर्षे या फेऱ्यात अडकलेले आहेत.

बॅजर या बिळात राहणाऱ्या वन्य प्राण्याचा वाद आपण ऐकला असेल. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये क्षयाने मेलेला बॅजर सापडला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. १९९८ ते २००५ या काळात झालेल्या मोठ्या प्रयोगात असे दिसले की, बॅजर मारलेल्या क्षेत्रात गायींमधील रोग घटतो, पण उरलेले बॅजर सैरभैर होऊन भटकू लागल्याने भोवतालच्या पट्ट्यात तो वाढतो. तरीही २०१३ पासून परवाना देऊन ते मारणे सुरू झाले. २०२४ मध्ये सरकारने हे या संसदेच्या मुदतीत संपवण्याचे जाहीर केले, तेव्हा आदल्या दशकात २ लाख ७८ हजारांहून अधिक गुरांची सक्तीने कत्तल झाल्याचे आणि २ लाख ३० हजारांहून अधिक बॅजर मारले गेल्याचे सरकारनेच सांगितले. बॅजरपासून गायींना लागण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या वादाने गायीकडून गायीला होणाऱ्या लागणीवरचे लक्ष उडाले, असे माझे स्पष्ट मत आहे. कातडीच्या तपासणीत साधारण पाचातले एक बाधित जनावर निसटते आणि खरेदी-विक्रीतून ते निर्धास्त दुसऱ्या गोठ्यात जाते. २००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीत या तपासण्या थांबल्या, नंतर रिकामे गोठे भरण्यासाठी जनावरे देशभर हलवली गेली आणि त्यांच्याबरोबर क्षयही पसरला.

महाराष्ट्रात हे धोरण जसेच्या तसे चालणार नाही. येथे २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे बाधित गाय सापडली तरी ती न दुभता पोसायची कोणी, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत कोणताही शेतकरी आपणहून तपासणी करून घेणार नाही. लम्पीच्या साथीत २०२२ मध्ये दगावलेल्या गायीमागे राज्याने ३० हजार रुपये दिले. क्षयाने बाधित गाय मात्र जिवंत असते, म्हणून तिच्यासाठी वेगळी ठेवण्याची जागा आणि चाऱ्याचा खर्च असे दोन्ही द्यावे लागेल. वीर्यकेंद्रांतील वळूंची क्षयासाठी नियमित तपासणी होतेच. ती प्रथम मोठे गोठे आणि गोशाळा यांच्यापर्यंत न्यावी. आपल्याकडे घरात दूध उकळूनच पितात, त्यामुळे माणसे बरीच सुरक्षित राहतात. पण वासरू ते कच्चेच पिते, म्हणून संशयित गायीचे वासरू तिच्याखाली सोडू नये आणि त्याला उकळून कोमट केलेले दूध पाजावे, एवढे तर कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता आजच करता येते.