रोज चालतोय, तरी उठताना हात टेकावा लागतोय

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. वय ६८, बेळगावात अनगोळला राहतो, उद्यमबागेत फौंड्रीत काम करून रिटायर झालोय. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जातो, बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. तरी भजनाला मांडी घालून बसलो की उठताना हात टेकावा लागतोय, नाहीतर कुणीतरी ओढून उठवावं लागतंय. पोरगा म्हणतो बाबा आता काय उचलू नका, निवांत बसा. काय करू सांगा की ओ.

उत्तर : काका, चालणं सोडू नका, बीपीला ते चांगलंच आहे, पण नुसत्या चालण्यानं मांड्यांत म्हणावी तशी ताकद येत नाही. वय वाढेल तसे स्नायू कमी होत जातात, साठीनंतर जरा जास्तच, आणि फौंड्रीत दिवसभर उचल-ठेव करून जो व्यायाम फुकटात व्हायचा तो रिटायर झाल्यावर एकदम बंद. पोराची काळजी खरी आहे पण सल्ला काही बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं सांगते, शिवाय किमान २ दिवस ताकदीचे व्यायाम आणि ३ दिवस तोल सांभाळायचे. पहिलं सगळ्यांना पाठ असतं, पुढच्या दोन्हीकडं कुणी बघत नाही.

तुम्ही असं करा, एक जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची (प्लॅस्टिकची नको, सरकते), हात छातीवर, सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं, धपकन बसलात तर उपयोग अर्धा. ८-१० वेळा, थोडं थांबून परत तेवढंच, एक दिवसाआड. हात न टेकता जमत नसेल तर आधी खुर्चीत उशी घालून उंची वाढवा. श्वास कोंडून धरायचा नाही, बीपी आहे तुम्हाला. मग स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलायच्या, आणि तिथंच एकेका पायावर उभं राहायचं. गुडघा सुजला तर थांबून दाखवून घ्या, छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच.

आता खाण्याचं. सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री परत तेच, असं असेल तर स्नायू वाढायचे कशावर? या वयात किलोमागं साधारण १ ग्रॅम प्रोटीन पोटात जायला पाहिजे, म्हणजे वजन ६० किलो असेल तर ६० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅमच असतं, त्यावरून अंदाज घ्या. हुलगे, मटकी, दही, अंडी, घट्ट डाळ, शेंगदाण्याची चटणी, हे तिन्ही वेळेला वाटून खा. हुलगे तर आपल्याकडं घरोघरी, पण हल्ली लोक ते सोडून डबाबंद पावडरीच्या मागं लागलेत. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. लोणचं-पापड कमी, दिवसाचं मीठ सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही.

प्रश्न : आम्ही खानापूरकडचे, पावसाळ्यात बाहेर पडायची सोय नाही, चिखल आणि शेवाळ. माझं वय ७२. तेवढे महिने चालणं बंदच होतं, मग गुडघे आखडतात. – एक मावशी

उत्तर : मावशी, घराच्या सोप्यात (ओसरीवर) चाला, दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा केलं तरी चालतंय, आणि वर काकांना सांगितलेला खुर्चीचा व्यायाम तुम्हाला पण लागू. खरी भीती मला पडण्याची वाटते. परसातल्या शहाबादी फरशीवरचं शेवाळ घरातल्या पोरांकडून घासून घ्या, न्हाणीघरात धरायला पाईप बसवून घ्या, गुळगुळीत झालेली चप्पल टाकून द्या. रात्री उठताना आधी लाईट लावा, कडेला मिनिटभर बसा, मग उभं राहा. आणि थंडी आहे म्हणून पाणी कमी करू नका, या वयात तहान लागलेली नीट कळत नाही.