परत आत जायला तोंड नाही

प्रश्न: ताई, मी चर्चच्या तरुण संघाचा खजिनदार होतो, अडचण होती म्हणून कॅम्पचे पैसे वापरले. नंतर सगळे भरले, पाळकसाहेबांपुढे कबूलही केलं. पण सहा महिने झाले, प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, सुरू झाला की मी उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभा राहतो. काय करू?

उत्तर: अरे बाबा, मग आता चपला कुणाच्या राखतोयस? बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला १८ वा आणि २१ वा अध्याय लागोपाठ वाच. शिष्य पेत्र येशूला नाकारतो, मी त्याचा शिष्य नाहीच म्हणतो, तेव्हा कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा असतो, आणि २१ मध्ये तळ्याकाठी येशूने परत तसाच विस्तव पेटवलाय, वर मासळी ठेवलीये, मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडे शब्द एकच, अँथ्रकिया. मला तर वाटतं त्या धुराच्या वासानेच पेत्र मेल्याहून मेला असणार! पण येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. प्रश्न नंतर, नाकारलं तीनदा म्हणून विचारतोही तीनदा, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि दर उत्तराला कामच सोपवतो, माझी मेंढरं, म्हणजे माझी माणसं, सांभाळ. हिशोबाची वही सध्या दुसऱ्याकडेच राहू दे, ते बरंय. पण रविवारी आत बस, खिडकीजवळ का होईना.