मुलांसाठी ऑनलाइन मिळणारी स्वस्त चायनीज एटीव्ही घ्यावी का?

घ्या. मात्र ही मातीत चालवायची छोटी चारचाकी खोक्यातून काढून, पेट्रोल ओतून लगेच मुलीला वर बसवणार असाल तर मुळीच घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमध्ये राहता, घरामागे मोकळी जागा आहे, मुलगी दहाची आणि मुलगा सातचा. हजार डॉलरच्या आसपास मिळणारी ११० सीसीची एक गाडी दोघांत चालेल का, असा प्रश्न आहे. आणि मिस्टरांचे मित्र म्हणतात, 'चायनीज कचरा घेण्यापेक्षा वापरलेली जपानी घ्या.' या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य माझे धाकटे दीर मला दर सणाला ऐकवतात.

माझ्या वडिलांचं, आण्णांचं, जयसिंगपूरला दुचाकींचं गॅरेज होतं. हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली, पुढे स्प्लेंडर आली, आणि तालुक्यातल्या निम्म्या गाड्या आमच्या दारात उभ्या असायच्या. शाळेतून आल्यावर फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं, धरून बसायचं माझं काम. त्यामुळे इथे टेक्सासमध्ये, वॉक्सहॅचीच्या आमच्या घरी, माझ्या मुलीची एटीव्ही खोक्यातून निघाली आणि मी खाली वाकून इंजिन पाहिलं, तेव्हा मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. स्प्लेंडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४९.५, म्हणून ९७.२ सीसी. '११०' म्हणून विकल्या जाणाऱ्या या चायनीज इंजिनांत बहुतेकांचा बोअर ५२.४ आणि स्ट्रोक तोच ४९.५. हिशेब करा, १०७ सीसी भरतात. दोन्ही इंजिनं होंडा कब या जुन्या छोट्या दुचाकीच्या घराण्यातली, सिलिंडरची तीच आडवी मांडणी. ज्या इंजिनावर आपल्याकडच्या दूधवाल्यांनी आणि मास्तरांनी आयुष्य काढलं, त्याला कचरा म्हणताना माणसाने थोडा विचार करावा.

इंजिन वाईट नसतं. जोडणी वाईट असते. स्वस्ताईचे पैसे वाचवलेले असतात ते बोल्ट आवळणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसाच्या वेळेत, आणि तो वेळ घेणाऱ्याने द्यायचा असतो. तो देणार असाल तर ही गाडी वर्षानुवर्षं चालते.

हँडल, चाकं, बंपर, बॅटरी आपण बसवायची असते आणि बाकीची 'आधीच जोडलेली' असते. तपासायची ती ही आधीच जोडलेली. आमच्या गाडीत मागच्या ॲक्सलचा मोठा नट हाताने फिरत होता. स्प्लिट पिन होती म्हणून तो गळून पडला नसता, पण हब आतल्या आत खेळत राहिला असता आणि सहा महिन्यांत ॲक्सलच्या खाचा खाऊन टाकल्या असत्या. मी एकेक बोल्ट सोडला, निळा थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद, लावला आणि परत आवळला. दीर तेव्हा ह्यूस्टनहून आलेले, दारात चहा घेऊन उभे. म्हणाले, "वहिनी, ही गाडी आहे की प्रेत? चिरफाड किती वेळ चालणार?" मी काम थांबवलं नाही.

मग पुढची चाकं. दोन्ही चाकं पुढच्या बाजूला फाकलेली होती. अशी गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा डावी-उजवी करत राहते आणि मुलाचे हात भरून येतात. आण्णांची पद्धत सांगते, कुठलंही यंत्र लागत नाही. हँडल सरळ धरा, दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यावर, हबच्या उंचीला, समोरच्या बाजूने खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता गाडी पुढे ढकला, त्याच खुणा मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवर येईपर्यंत, आणि परत मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर कमी हवं. हँडलकडून चाकाकडे जाणारा दांडा तो टाय रॉड. त्याला जागेवर धरून ठेवणारी चेकनट ढिली करून रॉड फिरवा. एका टोकाला उलटा आटा असतो, तिथे जोर लावण्याआधी बघून घ्या. दोन्ही बाजूंचे रॉड सारखे फिरवा, नाहीतर चाकं सरळ येतील आणि हँडल तिरकं राहील.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या स्क्रूची फट. हे कुणी करत नाही आणि सगळी बदनामी इथेच होते. इंजिन रात्रभर थंड झालेलं असू द्या. प्लग काढा, टॅपेटची झाकणं आणि डाव्या कव्हरवरची झाकणं उघडा, फ्लायव्हीलवरची 'टी' खूण जुळवा. दोन्ही टॅपेट किंचित हलायला हवेत. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या फेरीत आहे, आणखी एक फेरा द्या. मग ०.०५ मिलिमीटरचं पान. मिटलेल्या वहीतून कागद ओढल्यासारखं ते निघालं पाहिजे. आमच्या गाडीत एक्झॉस्टला ते पान शिरतच नव्हतं. असं इंजिन सकाळी एका झटक्यात लागतं, तापल्यावर बंद पडलं की लागता लागत नाही, पुढे व्हॉल्व जळतो आणि मग लोक म्हणतात, बघा, चायनीज! पाच डॉलरचं गेज आणि एक सकाळ, एवढाच तो प्रश्न असतो.

बाकीचं भराभर सांगते. खोक्यातून आलेलं तेल पहिल्यांदाच काढून टाका आणि मोटरसायकलचं १०डब्ल्यू-४० भरा. क्लच तेलातच असतो, कारचं तेल चालत नाही. चेन थोडी झुलती हवी, ताठ चेन बेअरिंग खाते. पुढचे ड्रम ब्रेक केबलवर असतात, जॅक लावून दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा, ब्रेक दाबला की दोन्ही एकदम धरली पाहिजेत. आणि लिव्हर मुलीला दाबायला लावा, स्वतः दाबून समाधान मानू नका. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, गाडी उभी राहिली की कार्बोरेटरचा स्लो जेट, म्हणजे आतलं बारीक भोक, चोंदतो. महिनाभर चालवणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. टायरची हवा साध्या कारच्या गेजने मोजू नका, इतका कमी दाब त्यावर नीट वाचता येत नाही.

आता वेगाचा स्क्रू. अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलच्या डबीतून एक छोटा स्क्रू बाहेर आलेला असतो, त्याला चेकनट. तो आत घातला की अंगठा पूर्ण दाबला जात नाही आणि वेगावर मर्यादा राहते. अमेरिकेतल्या एटीव्हींसाठी सुरक्षेचं जे प्रमाण आहे, ते २००८ च्या कायद्याने सक्तीचं झालं. त्यात '१०+', म्हणजे दहा वर्षं आणि पुढच्या मुलांच्या, गटाच्या गाडीचा वेग मर्यादा लावलेली असताना ताशी १५ मैलांपर्यंत आणि मोकळी असताना ३० पर्यंतच चालतो. म्हणजे तो स्क्रू पूर्ण काढला की वेग दुप्पट होतो, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट. मी स्क्रू लावला, चेकनट आवळली आणि दोन्हींवरून लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली. कुणी हात लावला तर रेघ तुटते.

थँक्सगिव्हिंगला दीर, जाऊबाई आणि पुतण्या आले. पुतण्याची गाडी मोठ्या जपानी कंपनीची, वापरलेली, ट्रेलरवर घालून आणलेली. गाडी चांगली होती, त्याबद्दल वाद नाही. पण तिचा स्क्रू घेतल्या दिवशीच काढलेला होता. जेवणं झाली, मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि मागच्या रानातून माझ्या मुलीच्या गाडीचा आवाज आला, तो नेहमीच्या पट्टीतला नव्हता. इंजिन कुठवर चढतं हे मला झोपेतही कळतं. दारामागे गाडीचं इंजिन दुरून बंद करायचा रिमोट टांगलेला असतो, तो घेऊन पळाले. पोरगी तळ्याच्या वळणावर होती, हँडल पूर्ण वळवलेलं आणि गाडी मात्र सरळ तारेच्या कुंपणाकडे निघालेली. मी बटण दाबलं. इंजिन बंद झालं, गाडी घसरत कुंपणाच्या अलीकडे थांबली. रेघ तुटलेली होती.

"भाऊजी, हा स्क्रू कुणी फिरवला?"

"मीच. मागे पडत होती म्हणून रडत होती ती. एवढं काय त्यात, वहिनी? खरं सांगा, तुमचाच तुमच्या गाडीवर विश्वास नाही. चायनीज आहे म्हणून घाबरता."

सासूबाई म्हणाल्या, सणाच्या दिवशी वाद नको. मी गप्प बसले, पण ते तिथे संपलं नाही.

भाऊजी, गाडीवर माझा पूर्ण विश्वास होता. तिचा प्रत्येक बोल्ट माझ्या हातचा होता. या गाड्यांना मागे डिफरन्शियल नसतं, दोन्ही मागची चाकं एकाच ॲक्सलवर एका वेगाने फिरतात, त्यामुळे वळायच्या वेळी गाडी सरळच ढकलत नेते. ती वळवायला अंगाचं वजन टाकावं लागतं. दहा वर्षांच्या मुलीच्या अंगात वजन किती? १५ मैलांच्या वेगाला ती तेवढ्यावर सांभाळते, ३० ला नाही. तिथे जपानी गाडी असती तरी सरळच गेली असती. धोका कुठल्या देशाचा शिक्का आहे यात नव्हता, दुसऱ्याच्या मुलीच्या गाडीला न विचारता पाना लावण्यात होता. आणि शिक्क्याचंच म्हणाल तर मोठ्या नावांच्या काही छोट्या गाड्याही तैवानमध्ये बनून येतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की 'जपानी घ्या' म्हणणाऱ्यांना आधी विचारा, तुमच्या गाडीचे टॅपेट शेवटचे कधी बघितले? स्क्रू जागेवर आहे का? उत्तर आलं नाही तर त्यांचा सल्ला बाजूला ठेवा.

हेही सांगायला हवं की घरात कुणालाच पाना धरायची आवड नसेल, तर वापरलेली चांगल्या कंपनीची, जवळ डीलर असलेली गाडीच घ्या. पैसे जास्त जातील, पण डोक्याला ताप नाही. ऑनलाइन घेताना वयाच्या गटाचं लेबल आणि सीपीएससीने, म्हणजे इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने, मान्य केलेला ॲक्शन प्लॅन, म्हणजे कंपनीचा सुरक्षेचा लेखी आराखडा, आहे ना ते बघा, त्याशिवाय ती इथे विकताच येत नाही. ११० सीसी लिहिलंय म्हणून ती दहाच्या मुलीची, असं धरू नका. काहींवर १२+ किंवा १४+ असतं. तुमच्याकडची सगळी जागा खासगी असेल तर ठीक, पण सरकारी जमिनीवरच्या पार्कात नेलीत तर टेक्सासच्या कायद्याने सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हेल्मेट आणि डोळ्यांचं संरक्षण लागतं, आणि १४ वर्षांखालच्या मुलांबरोबर पालक किंवा पालकांनी परवानगी दिलेलं मोठं माणूस असावं लागतं. हेल्मेट घरीही घालायला लावा. पावसानंतर इकडची काळी माती आपल्याकडच्यासारखीच चिकटते, त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन अकॅडमी तर १६ वर्षांखालच्या कुणीही एटीव्ही चालवू नये म्हणते. मी चालवू देते, पण हे वाचून तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

मुलीला गाडीवर उभं करून बघा. सीट आणि तिच्यामध्ये तीन ते सहा इंच जागा हवी, हँडल पूर्ण वळवल्यावर कोपर वाकलेलंच राहिलं पाहिजे आणि बोटं ब्रेकवर सहज पोचली पाहिजेत. एवढं जमलं तर तिच्यासाठी ही गाडी घ्या. सातच्या मुलासाठी ती नाही, स्क्रू कितीही आत घातला तरी नाही, कारण वजन आणि उंची तीच राहते. त्याला '६+' गटाची वेगळी लागेल, जी मोकळी असतानाही १५ मैलांच्या वर जात नाही. आणि बहिणीच्या मागे त्याला बसवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. या गाड्या एकट्याने चालवायच्या असतात, सीट लांब दिसते ती वळणावर अंग सरकवायला. दोन गाड्या परवडत नसतील तर त्याला थांबू द्या, दहाचा झाला की बहिणीची त्याला येईल. तोवर टॅपेट बघताना प्लगची टोपी काढायचं काम त्याच्याकडे द्या.